स्पॅनिश क्रियापदाला चिकटलेलं ‘से’ : कुठे बसतं आणि अर्थ कसा बदलतं

मेक्सिकोतल्या ग्राहकांबरोबर कॉल चालू होता. तिकडच्या एकीने मला पुढच्या मीटिंगमध्ये बोलावलं. ‘बिएनेस?’ म्हणजे ‘येतेस का?’ मला ‘आलेच’ म्हणायचं होतं. अशा वेळी स्पॅनिशात ‘येणे’ नाही, ‘जाणे’ वापरतात एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी म्हणाले, ‘या मे बोय.’ पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग ‘बुएनो, आस्ता मान्याना’ (बरं, उद्या भेटू) असा निरोप आला. मला म्हणायचं होतं ‘या बोय’. मध्ये एक ‘मे’ घुसला आणि ‘आलेच’चं ‘निघते आता’ झालं.

‘इर’ म्हणजे जाणे आणि ‘इर्से’ म्हणजे निघणे, निघून जाणे. शेवटचं ‘से’ ‘मी’बरोबर ‘मे’ होतं, तोच हा ‘मे’. पाठ्यपुस्तकात अशा क्रियापदांपुढे ‘स्वतःला’ असा अर्थ लिहिलेला असतो आणि तिथेच बहुतेकांचा पाय अडकतो. ‘मे बोय’ म्हणजे ‘मी स्वतःला जाते’ का? ‘मे यामो’ (माझं नाव अमुक) म्हणजे ‘मी स्वतःला हाक मारते’ का? पहिल्या तासाला वर्गात हे प्रश्न येतात, शिक्षक ‘पाठ करा’ म्हणतात आणि गाडी पुढे जाते. माझं ठाम मत आहे की मराठी येणाऱ्याने हे पाठ करायची गरज नाही. हे ‘से’ जी कामं करतं, त्यातली बरीचशी कामं मराठी दुसऱ्या पद्धतीने रोज करते. तो दुवा सापडला की पुढची वाट सोपी होते.

खाली स्पॅनिश शब्द कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. उच्चार लॅटिन अमेरिकेतला धरला आहे. स्पॅनिश लिपीतल्या ‘व्ही’चा उच्चार ‘ब’ होतो, म्हणून ‘लेबान्तार’, ‘येबार’. त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, तेवढं शिकणं वाचलं.

पहिली पायरी : ही चिमुकली सर्वनामं ओळखा

‘मी’ बरोबर ‘मे’, ‘तू’ बरोबर ‘ते’, ‘आम्ही’ बरोबर ‘नोस’ आणि तो, ती, ते, त्या सगळ्यांबरोबर ‘से’. स्पेनमध्ये ‘तुम्ही सगळे’ यासाठी ‘ओस’ही आहे. आदरार्थी ‘उस्तेद’ व्याकरणाने तृतीय पुरुषात जातं, म्हणून त्यालाही ‘से’च लागतं. ‘कोमो ते यामास?’ म्हणजे ‘तुझं नाव काय?’ आणि ‘कोमो से यामा?’ म्हणजे ‘आपलं नाव काय?’ हाच प्रश्न ‘त्याचं नाव काय?’ असाही होतो. कोणता अर्थ घ्यायचा ते समोर कोण उभं आहे त्यावरून कळतं.

पाठ्यपुस्तकात क्रियापद ‘से’ लावून दिलेलं असतं, जसं ‘लेबान्तार्से’ (उठणे). वापरताना ते ‘से’ कर्त्याप्रमाणे बदलायचं : मे लेबान्तो, ते लेबान्तास, से लेबान्ता, नोस लेबान्तामोस. ‘यो से लेबान्तो’ ही नवशिक्याची ठरलेली चूक आहे.

दुसरी पायरी : जागा

रूप चालवलेलं असेल, म्हणजे काळ आणि पुरुष दाखवत असेल, तर सर्वनाम आधी आणि सुटं येतं : ‘मे लेबान्तो’. तीन ठिकाणी मात्र ते मागे जाऊन क्रियापदाला चिकटतं. मूळ रूपाला (‘लेबान्तार्मे’), ‘-त असताना’ दाखवणाऱ्या रूपाला (‘लेबान्तान्दोमे’) आणि होकारार्थी आज्ञेला (‘लेबान्ताते’, म्हणजे ऊठ). आज्ञा नकारार्थी झाली की सर्वनाम पुन्हा पुढे : ‘नो ते लेबान्तेस’, म्हणजे उठू नकोस. दोन क्रियापदं एकत्र आली तर दोन्ही जागा चालतात. ‘किएरो लेबान्तार्मे’ किंवा ‘मे किएरो लेबान्तार’, अर्थ एकच, मला उठायचंय. मध्ये मात्र अडकवायचं नाही.

चिकटल्यामुळे शब्द लांबतो, पण जोर मूळ जागीच राहतो. ‘लेबान्ताते’मध्ये जोर ‘बान’वर आहे, ‘दामेलो’मध्ये (मला ते दे) ‘दा’वर. लिहिताना त्या स्वरावर तिरकी रेघ येते, तिला स्पॅनिशात ‘तील्दे’ म्हणतात. सर्वनाम लावलं की शब्द मोठ्याने म्हणून पाहा आणि जोर कुठे पडतो ते ऐका, रेघ का आली ते आपोआप समजेल.

‘चला’ म्हणताना ‘बामोस’ला ‘नोस’ जोडलं की मधला ‘स’ गळतो आणि ‘बामोनोस’ होतं. स्पेनमध्ये अनेकांना ‘बसा’ म्हणताना ‘सेन्ताद’मधला ‘द’ गळून ‘सेन्ताओस’ होतं. अपवाद ‘इर्से’चा. व्याकरणाला ‘इदोस’ हवं होतं आणि लोक बोलताना ‘इरोस’ म्हणत होते. 2017 साली स्पॅनिश अकादमीने ‘इरोस’लाही मान्यता दिली.

तिसरी पायरी : जुळतंय का ते बघा

हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. क्रियापदाचा शेवट आणि आधीचं सर्वनाम एकाच व्यक्तीचे आहेत का? ‘मे केदो’मध्ये शेवटचा ‘ओ’ म्हणजे मी आणि ‘मे’ही माझाच. जुळलं, म्हणजे हे ‘केदार्से’ (राहणे, थांबणे) आहे. ‘मे केदा’मध्ये मात्र क्रियापद तृतीय पुरुषी आहे आणि ‘मे’ माझा. जुळत नाही, म्हणजे हा ‘मे’ आपला साधा ‘मला’.

कपड्यांच्या दुकानात उभे आहात असं समजा. शर्ट घालून आरशात बघत विचारता, ‘कोमो मे केदा?’ मला कसा दिसतोय? मैत्रीण म्हणते, ‘ते केदा बिएन’, तुला छान दिसतो. किंवा ‘ते केदा ग्रान्दे’, तुला मोठा होतोय. खिशात बघता, ‘मे केदान बेइन्ते पेसोस’, माझ्याकडे वीस पेसो उरलेत. मग ‘मे केदो कोन एल आसुल’, मी निळा घेते. मैत्रीण घाई करते तेव्हा ‘तू जा, मी थांबते’ म्हणायला पुन्हा ‘यो मे केदो’. आणि बराच वेळ घोळ चालला की ती वैतागून विचारते, ‘एन्तोन्सेस, एन के केदामोस?’ मग काय ठरलं आपलं? एकाच क्रियापदात शोभणं, मापाला बसणं, उरणं, ठेवून घेणं, थांबणं आणि ठरणं. जुळणीची परीक्षा लावली की ‘मला शोभतो, मला उरले’ हा गट एकीकडे पडतो आणि ‘मी थांबते, मी घेते’ हा दुसरीकडे.

हीच परीक्षा ‘पारेसेर’ला लावा. ‘मे पारेसे बिएन’, मला बरं वाटतं, मला पटतं. ‘मे पारेस्को आ मि पाद्रे’, मी वडिलांसारखी दिसते. ‘येबार’लाही लावा. ‘मे येबा आ कासा’, तो मला घरी सोडतो. ‘मे लो येबो’, मी हा घेते, हे दुकानात सामान घेऊन निघताना. आणि ‘मे येबो बिएन कोन मि सुएग्रा’, माझं सासूबाईंशी पटतं. इथे ‘पटणे’ हा नेमका प्रतिशब्द आपल्याला आयताच मिळतो.

‘से’ आणि तृतीय पुरुषात ही परीक्षा पुरत नाही, कारण तिथे सगळंच जुळतं. तिथे आणखी एक सापळा आहे. ‘ले’ (त्याला) आणि ‘लो’ (ते) शेजारी आले की ‘ले’चं ‘से’ होतं. ‘ले लो दी’ चालत नाही, ‘से लो दी’ म्हणावं लागतं, म्हणजे ‘मी ते त्याला दिलं’. या ‘से’चा ‘केदार्से’तल्या ‘से’शी काही संबंध नाही, तो ‘ले’च आहे, फक्त वेष बदललेला. म्हणून ‘से लो’ दिसलं की विचारा, ‘कोणाला?’ देणे, सांगणे, पाठवणे असेल तर उत्तर लगेच मिळतं. ‘से लो कोमियो’मध्ये ‘कोणाला खाल्लं’ असं विचारता येत नाही. तिथे ते ‘कोमेर्से’ आहे, त्याने ते खाऊन टाकलं.

चौथी पायरी : मराठीतली जोडी शोधा

आपल्याकडे उठणे आणि उठवणे, बसणे आणि बसवणे, फुटणे आणि फोडणे, जळणे आणि जाळणे, वाळणे आणि वाळवणे अशा जोड्या आहेत. एकात गोष्ट आपोआप होते किंवा कर्ता स्वतःच करतो, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवतं. मराठी हे काम क्रियापदाचा स्वर बदलून किंवा ‘व’ जोडून करते. स्पॅनिश तेच काम ‘से’ने करते, पण दिशा पुष्कळदा उलटी असते. ‘उठणे’ला ‘व’ जोडला की आपलं ‘उठवणे’ होतं. स्पॅनिशात ‘लेबान्तार’ म्हणजेच उठवणे, उचलणे, आणि ‘से’ लावलं की उठणे.

‘लेबान्तो आ ला नीन्या’, मी मुलीला उठवते. ‘मे लेबान्तो’, मी उठते. सेन्तार बसवणे, सेन्तार्से बसणे. मोबेर हलवणे, मोबेर्से हलणे. केमार जाळणे, केमार्से जळणे, भाजणे. आकाबार संपवणे, आकाबार्से संपणे. रोम्पेर फोडणे, तोडणे, आणि रोम्पेर्से फुटणे, तुटणे. ‘रोम्पी एल बासो’, मी पेला फोडला. ‘एल बासो से रोम्पियो’, पेला फुटला. पेल्याने स्वतःला फोडलं नाही, तो फुटला. नवीन ‘से’वालं क्रियापद भेटलं की आधी अशी जोडी सुचते का ते बघा. सुचली तर ‘स्वतःला’ हा शब्द डोक्यातून काढून टाका.

अंघोळ करणे (दुचार्से), केस विंचरणे (पेइनार्से), कपडे घालणे (बेस्तीर्से) यांत ‘स्वतःला’ खरोखर लागू पडतं, पण तिथे अडत नाही. एवढंच सांभाळा की ‘मे लाबो लास मानोस’मध्ये ‘माझे’ येत नाही. ‘मी हात धुते’ म्हणताना आपणही ‘माझे’ म्हणत नाही. दोघं एकमेकांना ओळखत असतील तर तिथेही हेच ‘से’ : ‘से कोनोसेन’.

पाचवी पायरी : खाणं आणि खाऊन टाकणं

आता मजेचा भाग. ‘कोमी आर्रोस’, मी भात खाल्ला. ‘मे कोमी तोदो एल आर्रोस’, सगळा भात खाऊन टाकला. ‘बेबेर’ पिणे, ‘बेबेर्से’ पिऊन टाकणे. ‘इर’ जाणे, ‘इर्से’ निघून जाणे. मराठीत हे काम टाकणे, जाणे, बसणे अशी सहायक क्रियापदं करतात. काम पुरतं झालं, हातातून सुटलं, मनाविरुद्ध झालं, अशा छटा आपण त्यांनी दाखवतो. स्पॅनिश त्या छटा ‘से’मध्ये बसवते. नियमही सारखाच चालतो. ‘मी रोज भात खाऊन टाकते’ हे कानाला खटकतं, कारण ‘टाकणे’ला ठरावीक वस्तू हवी : उरलेला भात, दोन पोळ्या, सगळा शिरा. ‘मे कोमो आर्रोस’ असं मोघम म्हणणंही तसंच खटकतं. ‘कोमेर्से’बरोबर किती किंवा कोणतं ते यायला हवं.

‘दोर्मीर’ आणि ‘दोर्मीर्से’ हा फरक तर आपल्या तोंडातच आहे. ‘दोर्मी ओचो ओरास’, आठ तास झोपले. ‘मे दोर्मी एन एल सिने’, सिनेमात झोप लागली. झोपणे आणि झोप लागणे. इथेही ‘लागली’ म्हणताना ती सुरू होण्याचा क्षण डोळ्यापुढे येतो.

‘काएर’ पडणे, तापमान, पाऊस, भाव यांचं. ‘काएर्से’ खुर्चीवरून, जिन्यावरून पडणे, तोल जाऊन किंवा सुटून. आणि ‘मे काए बिएन’ ऐकलं तर घाबरू नका. जुळणी तपासा, जुळत नाही, म्हणून हा ‘मला’ : तो माणूस मला आवडतो.

‘होणे’साठी स्पॅनिशात चार-पाच क्रियापदं आहेत, त्यांच्यावर वेगळा लेख लागेल. तूर्तास एवढं पुरे. ‘पोनेर्से’ तेवढ्यापुरतं होण्याला, लाजून लाल होणं. ‘बोल्बेर्से’ पालटून जाण्याला, वेडा होणं. ‘आसेर्से’ मेहनतीने डॉक्टर होण्याला. ‘केदार्से’ एखाद्या घटनेनंतर तसं उरण्याला, बहिरा होणं, विधवा होणं.

सहावी पायरी : माझ्या हातून पडलं

स्पॅनिशातली मला सगळ्यात प्रिय रचना ही आहे आणि ती मराठी माणसाला पहिल्याच दिवशी शिकवायला हवी असं मला वाटतं. ‘से मे कायो एल बासो.’ शब्दांचा क्रम लावत बसलात तर डोकं दुखेल. मराठीत म्हणा, माझ्या हातून पेला पडला. ‘से कायो’ म्हणजे पडला आणि ‘मे’ म्हणजे माझ्या हातून. पेला कर्ता, मी फक्त तिथे असलेली, जिला ते भोवलं अशी. मुद्दाम नाही केलं, झालं.

‘से मे ओल्बिदारोन लास याबेस’, किल्ल्या विसरल्या. ‘से मे केदारोन लास याबेस एन कासा’, किल्ल्या घरीच राहिल्या. ‘छत्री राहिली’, ‘डबा राहिला’ असं आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, तेच हे. लक्ष द्या, किल्ल्या अनेक म्हणून क्रियापद अनेकवचनी आहे. आपलंही तसंच, किल्ल्या राहिल्या. ‘मे’च्या जागी ‘ते’, ‘ले’, ‘नोस’ घातलं की तुझ्या, त्याच्या, आमच्या हातून. जिवाभावाचं माणूस जातं तेव्हा ‘से नोस फ्वे’ म्हणतात, आम्हाला सोडून गेला.

क्रमाचा नियम सोपा आहे. ‘से’ नेहमी पहिलं, मग तू, मग मी, शेवटी तो. म्हणून ‘से मे’, ‘से ते’, ‘ते लो’, पण ‘मे से’ कधीच नाही.

रस्त्यावरचं ‘से’

घरावर पाटी दिसते, ‘से बेन्दे’. आपल्या पाटीवर ‘विकणे आहे’ असतं. ‘से आल्किला’, भाड्याने देणे आहे. कर्ता दोन्हीकडे गायब. ‘कोमो से दिसे एस्तो?’ म्हणजे ‘याला काय म्हणतात?’ नवख्याने हे वाक्य पहिल्या आठवड्यातच तोंडात बसवावं, पुढची वर्षभराची शब्दसंपत्ती त्याच्या जोरावर मिळते. ‘आकी से कोमे बिएन’, इथे जेवण चांगलं मिळतं.

मेक्सिकोच्या बाजारात दुकानदार ‘पासाले, पासाले!’ म्हणून बोलावतो, या, आत या. तिथला ‘ले’ कोणालाच दाखवत नाही, नुसता आग्रह वाढवतो. ‘आन्दाले’, ‘एचाले गानास’ (जोर लाव, मनापासून कर) यांतही तसंच. त्याचा अर्थ ‘त्याला’ असा लावू नका. अर्जेंटिनात ‘तू’साठी ‘बोस’ असल्यामुळे ‘बस’ला ‘सेन्ताते’ म्हणतात आणि जोर ‘ता’वर असतो. तिथे ‘जा, नीघ’ म्हणायला ‘बेते’ऐवजी ‘आन्दाते’ म्हणतात. आजारी पडणे स्पेनमध्ये ‘एन्फेर्मार’, लॅटिन अमेरिकेत ‘एन्फेर्मार्से’. दोन्ही बरोबर, पण ज्यांच्याशी रोज बोलणार त्यांचं घ्या. एक सावधगिरीही सांगते. लॅटिन अमेरिकेत ‘कोर्रेते’ म्हणजे ‘जरा सरक’, पण स्पेनमध्ये त्याला अश्लील अर्थ आहे, तिथे तो शब्द टाळा.

वही कशी ठेवायची

शब्दकोश उघडाल तर माद्रिदच्या स्पॅनिश अकादमीचा उघडा. 1713 सालची ही संस्था तिचा कोश इंटरनेटवर फुकट देते. क्रियापदाखाली अर्थाआधी पी-आर-एन-एल ही चार अक्षरं दिसली की तो अर्थ ‘से’सकट आहे असं समजायचं. नवशिके ती अक्षरं ओलांडून थेट अर्थ वाचतात आणि मग ‘आकोर्दार’ म्हणजे ठरवणे आणि ‘आकोर्दार्से’ म्हणजे आठवणे यांत गोंधळतात.

वहीत ‘से’शिवायचं रूप, ‘से’सकटचं रूप आणि त्यापुढे मराठी क्रियापद लिहा. भाषांतर नको, तुम्ही घरी बोलताना जे म्हणाल तेच लिहा. ‘से’च्या मागे येणारं शब्दयोगी अव्ययही तिथेच टिपा, कारण ते सुटलं की वाक्य मोडतं : ‘आकोर्दार्से दे’ (ची आठवण), ‘केखार्से दे’ (ची तक्रार), ‘कासार्से कोन’ (शी लग्न), ‘फिखार्से एन’ (कडे लक्ष). ‘केखार्से’ला ‘से’शिवायचं रूपच वापरात नाही. तिथे पहिला रकाना रिकामा सोडा.

आठवडाभराने हा उतारा मोठ्याने वाचा : ‘मे देस्पेर्ते आ लास सेइस, पेरो नो मे लेबान्ते. मे दोर्मी ओत्रा बेस. से मे इसो तार्दे, से मे केदो एल पाराग्वास एन कासा, इ मे फ्वी सिन देसायुनार.’ सहाला जाग आली, पण उठले नाही. पुन्हा झोप लागली. मला उशीर झाला, छत्री घरीच राहिली आणि न्याहारी न करताच निघाले.

आता हीच सकाळ बहिणीची म्हणून सांगा. ‘से देस्पेर्तो’, ‘नो से लेबान्तो’, ‘से दुर्मियो’, ‘से फ्वे’ इथपर्यंत सगळे ‘मे’ ‘से’ होतात. उशीर आणि छत्री या दोन ठिकाणी मात्र ‘से’ जागचं हलत नाही आणि ‘मे’चं ‘ले’ होतं : ‘से ले इसो तार्दे’, ‘से ले केदो एल पाराग्वास’. असं का झालं ते अडलं तर तिसऱ्या आणि सहाव्या पायरीवर परत जा आणि उतारा पुन्हा वाचा.